ट्रॅक्टरच्या स्लॅशरला संरक्षक आवरणे बसवताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

द्राक्ष, डाळिंब आणि संत्र्याच्या बागांत दोन ओळींमधले गवत कापायला वापरतात तो ट्रॅक्टरमागचा स्लॅशर नवा येतो, तेव्हा त्याच्या पीटीओ शाफ्टवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याची, म्हणजे पीटीओची, शक्ती स्लॅशरला पोचवणाऱ्या दांड्यावर) प्लॅस्टिकची नळी असते, डेकच्या (पाती झाकणाऱ्या लोखंडी छपराच्या) पुढे-मागे साखळ्या किंवा रबरी पडदे असतात आणि गिअरबॉक्सच्या तोंडावर टोपण असते. एक-दोन हंगाम गेले की यातले काही ना काही गायब झालेले दिसते. मग कोणी सांगितले म्हणून शाफ्टचे नवे आवरण आणून चढवले जाते आणि तेही थोड्याच दिवसांत फुटते.

आवरण फुटण्याचे कारण बहुधा आवरणात नसतेच. शाफ्टची लांबी चुकलेली असते, ग्रीस मारायला हात पोचत नसतो, नाहीतर आवरणाला धरून ठेवणारी साखळीच बांधलेली नसते. म्हणून इथे दिलेला क्रम पाळा. डेकचे काम आणि वेल्डिंग आधी, मग पाती, मग क्लच, मग शाफ्टची लांबी आणि त्यानंतर आवरण. सुरुवात आवरणापासून केली तर लांबी बदलताना तेच आवरण पुन्हा कापावे लागते.

हे मार्गदर्शन आडव्या पात्यांच्या स्लॅशरसाठी आहे. शाफ्ट आणि पीटीओसंबंधीचे टप्पे मल्चर, श्रेडर व रोटाव्हेटरलाही तसेच लागू पडतात.

जमवाजमव

मोजपट्टी, खडू, लोखंड कापायची करवत किंवा ग्राइंडर, गोल कानस, ग्रीस गन, टॉर्क पाना, दोन भक्कम लाकडी ठोकळे, चाकाला लावायच्या दोन उटी, ८ मिमी जाडीची आखूड कड्यांची साखळी, १० मिमीची सळई, ४० मिमीचा अँगल आणि पात्याच्या बोल्टसाठी नवे लॉक नट. शाफ्टचे आवरण मात्र इतक्यात आणू नका. त्याचे माप पाचव्या टप्प्यात कळेल.

यंत्रासोबत आलेले पुस्तक हरवले असेल तर विक्रेत्याकडून प्रत मागून घ्या. बोल्टची ग्रेड, घट्ट करण्याचा टॉर्क आणि क्लचच्या स्प्रिंगची लांबी अंदाजाने ठरवता येत नाही.

टप्पा १. यंत्र पूर्ण थांबवणे

१. स्लॅशर सपाट जागी जमिनीवर टेकवा. पीटीओ बंद करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. ट्रॅक्टरवर दुसरा माणूस बसलेला असला तरी चावी काम करणाऱ्याकडेच हवी.

२. पाती थांबेपर्यंत जवळ जाऊ नका. पीटीओ बंद केल्यावरही जड पाती बराच वेळ फिरत राहतात आणि इंजिनचा आवाज गेल्यामुळे सारे थांबल्यासारखे वाटते.

३. शाफ्ट काढा, स्लॅशर ट्रॅक्टरपासून सोडवा. खालून काम करण्यासाठी तो चेन पुलीने किंवा जॅकने उचला आणि लगेच दोन्ही बाजूंना ठोकळे द्या.

इशारा: ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली हातसुद्धा घालू नका. लिव्हरला धक्का लागला किंवा सील गळले की यंत्र सूचना न देता खाली येते. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक टेकू म्हणून चालत नाहीत, ते एकाएकी फुटतात.

टप्पा २. डेक आणि साखळ्यांचे पडदे

सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला द्या. कापणीची रुंदी १.२ मीटर आणि पात्यांचा वेग मिनिटाला १००० फेरे धरला, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी २२५ किलोमीटरच्या आसपास होतो. त्या टोकाखाली आलेला मुरमाचा खडा किंवा तारेचा तुकडा त्याच जोरात बाहेर पडू पाहतो. त्याला अडवायला डेकच्या कडा आणि साखळ्या एवढेच असते.

आधी डेकच्या बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्या बघा. एका बाजूच्या खालच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या कडेपर्यंत सरळ पट्टी आडवी धरा. पाते त्या पट्टीच्या वर असायला हवे. खालचे स्किड (जमिनीवर घसरणाऱ्या पट्ट्या) झिजून किंवा वाकून पाते पट्टीच्या खाली डोकावत असेल, तर बाकी काही करण्याआधी स्किड बदला. पत्र्याला पडलेली भोके आतून तेवढ्याच जाडीचा तुकडा लावून बुजवा. बाहेरून पातळ पत्रा ठोकला तर पहिल्या दगडालाच तो उडतो.

आता साखळ्या. सुटी साखळी थेट डेकला वेल्ड केली की एक कडी तुटल्यावर पुन्हा वेल्डिंगवाला शोधावा लागतो आणि तोवर यंत्र तसेच चालवले जाते. त्याऐवजी अशी रचना करा:

१. डेकच्या पुढच्या आणि मागच्या कडेला नट-बोल्टने अँगल बसवा. अँगलला खाली कान काढून त्यांतून १० मिमीची सळई ओवता येईल अशी भोके पाडा.

२. साखळीचे सारख्या लांबीचे तुकडे सळईत ओवा. दोन तुकड्यांमध्ये बोट सहज जाईल एवढी फट राहिली तर ती जास्त आहे.

३. एका ओळीतल्या फटी झाकतील अशी दुसरी ओळ मागे बसवा. एकाच ओळीतून लहान खडे निसटतात.

४. सळईच्या दोन्ही टोकांना कॉटर पिन लावा.

साखळीची लांबी ठरवताना हमखास चूक होते. पुढची साखळी उभ्या गवताने मागे, म्हणजे पात्याकडे ढकलली जाते. लांब साखळी पात्यात अडकली तर तिची कडीच गोळीसारखी सुटते. हिशेब सोपा आहे. सळई पात्याच्या पातळीपेक्षा १८ सेंमी वर आणि साखळी ३० सेंमी लांब असेल, तर साखळीचे टोक पात्याच्या पातळीवर आडवे २४ सेंमीपर्यंत पोचते. म्हणजे सळई पात्याच्या वर्तुळापासून किमान २७-२८ सेंमी पुढे हवी. डेकची कड तेवढी पुढे नसेल तर अँगल ब्रॅकेटवर पुढे काढा किंवा साखळी आखूड करा. ब्रॅकेट पुढे काढल्यावर तो उचललेल्या स्थितीत ट्रॅक्टरच्या टायरला किंवा शाफ्टला लागत नाही ना, हे यंत्र जोडल्यावर पाहावे लागेल.

तपासा: पाते बाहेरच्या बाजूला पूर्ण उघडून धरा. प्रत्येक साखळीचे शेवटचे टोक हाताने पात्याकडे ओढा. एकही कडी पात्याला शिवता कामा नये. पाते हाताने पूर्ण एक फेरा फिरवून पुन्हा बघा.

वेल्डिंग करावेच लागले तर अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, त्याच पत्र्याला लावा. तो लांब लावला तर करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतात. यंत्र ट्रॅक्टरला जोडलेले असताना वेल्डिंग करू नका. जस्त चढवलेल्या साखळीला वेल्ड मारला तर विषारी धूर निघतो, म्हणून साधी साखळी घ्या.

इशारा: कापलेले गवत मागे साचते म्हणून मागचा पडदा काढून टाकणे किंवा डेकची मागची कड कापणे ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. मागून उडालेला दगड चालकाला लागत नाही म्हणून ती चालून जाते. तो लागतो मागे खोडाजवळ काम करणाऱ्या माणसाला. गवत साचत असेल तर ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये हळू चालवा, पात्यांना धार द्या, किंवा उंच गवत दोनदा कापा.

टप्पा ३. पाती

पाती गोल तबकडीला बोल्टवर सैल लटकलेली असतात. दगड लागला की पाते मागे झुलते आणि धक्का वाचतो. बोल्ट गंजून पाते घट्ट बसले असेल किंवा कोणी ते वेल्ड करून टाकले असेल, तर सगळा धक्का गिअरबॉक्सला बसतो आणि शेवटी पाते तुटून बाहेर येते.

पाते नेहमी जोडीने बदला आणि दोन्ही वजन करून घ्या. धार मूळ कोनातच लावा. अगदी वस्तऱ्यासारखी धार दगडावर लगेच दुमडते, म्हणून कडेला सुमारे दीड मिमी जाडी राहू द्या. लॉक नट एकदा सोडला की पुन्हा तोच वापरू नका. बोल्टची मान झिजलेली दिसली तर बोल्टही बदला.

ट्रकच्या कमानपाट्यापासून पाती बनवून घेण्याची पद्धत आहे. ती बंद करा. कमानपाट्याचे पोलाद गॅसने कापताना आणि तापवून वाकवताना त्याचा मूळ टणकपणा बदलतो. काही ठिकाणी ते काचेसारखे ठिसूळ होते. शिवाय दोन्ही पाती सारख्या वजनाची निघत नाहीत आणि त्या थरथरीने गिअरबॉक्सचे बेअरिंग जाते.

टप्पा ४. क्लच आणि शिअर बोल्ट

फिरणाऱ्या पात्यांत साठलेला जोर उलट्या दिशेने शाफ्टमधून ट्रॅक्टरलाच ढकलतो. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच पूर्ण दाबला तरी ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला दोन-चार फूट पुढे सरकतो तो यामुळे. बांधावर किंवा विहिरीजवळ वळताना एवढे अंतर जीवघेणे ठरते. त्यासाठी ओव्हररनिंग क्लच लागतो. तो जोर एकाच दिशेने जाऊ देतो.

हा क्लच दोन प्रकारे मिळतो. एक पीटीओच्या दांड्यावर चढवायचा सुटा तुकडा आणि दुसरा शाफ्टच्या योकमध्येच (टोकाच्या दोन कानांच्या तुकड्यात) असलेला. योकमधला घ्या. सुट्या तुकड्यामुळे जॉइंट मागे सरकतो, ट्रॅक्टरचे कव्हर त्याला झाकू शकत नाही आणि शाफ्टची लांबीही बदलते. ओव्हररनिंग क्लच लावल्यावर पाती थांबायला जास्त वेळ लागतो, हे चालकाला सांगून ठेवा.

शिअर बोल्ट तुटतो म्हणून त्या जागी जास्त ग्रेडचा बोल्ट घालू नका. अडथळा आला की बाकीचे यंत्र वाचावे म्हणून तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. पुस्तकात दिलेल्या ग्रेडचे पाच-सहा बोल्ट ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा, म्हणजे रानात हाताला लागेल तो घालण्याची वेळ येणार नाही. स्लिप क्लच (जास्त भार आला की घसरणारा) असेल तर पावसाळ्यानंतर त्याच्या प्लेट गंजून चिकटतात. हंगामाच्या सुरुवातीला, टप्पा ७ पर्यंतची सगळी आवरणे बसल्यावर, नट सैल करा, प्लेटांवर खडूची आडवी रेघ मारा, आवरणे जागेवर ठेवून पीटीओ दोन-तीन सेकंद चालवा आणि सारे थांबल्यावर रेघ तुटली का ते पाहा. तुटली म्हणजे प्लेट सुटल्या. मग स्प्रिंग पुस्तकातल्या लांबीपर्यंत पुन्हा घट्ट करा.

टप्पा ५. शाफ्टची लांबी

रोटाव्हेटरचा शाफ्ट काढून स्लॅशरला लावणे, किंवा २४ एचपीच्या लहान ट्रॅक्टरचा शाफ्ट ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला वापरणे, हे आवरण फुटण्याचे मोठे कारण आहे. शाफ्ट लांब पडला की दोन्ही नळ्या एकमेकींच्या तळाला टेकतात आणि पीटीओच्या बेअरिंगवर दाब येतो. आखूड पडला की उचलताना नळ्या सुटून फिरणारा दांडा मोकळा होतो.

१. स्लॅशर ट्रॅक्टरला जोडा. लोअर लिंकच्या बाजूच्या साखळ्या ताणून यंत्र मध्यावर आणा.

२. आधी उचलण्याची मर्यादा ठरवा. हायड्रॉलिक लिव्हरच्या पट्टीवर सरकणारा थांबा असतो. ओळीच्या टोकाला वळताना पाती जमिनीपासून ३० सेंमीच्या वर जाणार नाहीत, अशा बेताने तो घट्ट करा. तिथे जॉइंटचा कोन साधारण २५ अंशांच्या आत राहतो का ते पाहा.

३. पीटीओचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका पातळीत येतील अशा उंचीवर यंत्र आणा आणि खाली ठोकळे द्या. दोन्ही दांड्यांमधले अंतर बहुधा इथेच सर्वांत कमी असते.

४. शाफ्टचे दोन्ही अर्धे भाग वेगळे करा. एक ट्रॅक्टरला, एक गिअरबॉक्सला लावा आणि शेजारी-शेजारी धरा. आतली नळी तळाला टेकण्याआधी २५ ते ४० मिमी जागा राहील अशी खूण करा.

५. दोन्ही लोखंडी नळ्या सारख्याच मापाने कापा; जुने आवरण शाबूत असेल तर त्याच्या दोन्ही प्लॅस्टिक नळ्याही तेवढ्याच कापा. एकच बाजू कापली तर हिशेब चुकतो. काठ कानसून गुळगुळीत करा, किस पुसा, ग्रीस लावा.

६. यंत्र सर्वांत वर आणि सर्वांत खाली नेऊन बघा. सर्वांत लांब स्थितीतही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीने गुंतलेल्या हव्यात.

तपासा: नळ्या जोडताना दोन्ही टोकांचे आतले योक एका रेषेत आले का? एक खाच चुकली तरी शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस (दोन योक जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) लवकर जातो.

योकची दाबून सोडायची पिन हरवली की तिथे लांब नट-बोल्ट घातला जातो. बाहेर आलेले बोल्टचे टोक मिनिटाला ५४० वेळा फिरते आणि कापड धरण्यासाठी आकड्याचे काम करते. मूळ पिनचा संच विकत मिळतो, तोच बसवा.

टप्पा ६. शाफ्टचे आवरण

५४० फेऱ्यांना शाफ्ट सेकंदाला ९ वेळा फिरतो. आठ सेंमी व्यासाच्या शाफ्टवर कापडाचे टोक गुंतले तर सेकंदाला सव्वादोन मीटर कापड गुंडाळले जाते. पदर, ओढणी, उपरणे किंवा सैल शर्ट सोडवायला वेळच मिळत नाही.

आता टप्पा ५ मधल्या लांबीचे आणि तुमच्या शाफ्टच्या क्रॉसच्या मापाचे आवरण आणा. योकवर आवरणाच्या नायलॉन रिंगसाठी खोबण असते. ती घासून साफ करा, ग्रीस लावा, रिंग उघडून बसवा, मग नळी व शंकूसारखे तोंड सरकवून खटक्या लावा. शंकूने क्रॉस पूर्ण झाकला पाहिजे.

आवरणाची पातळ साखळी दोन्ही बाजूंना बांधा. एक ट्रॅक्टरच्या स्थिर भागाला, दुसरी स्लॅशरच्या फ्रेमला. वळताना आणि उचलताना ताणणार नाही एवढी ढील द्या, पण ती लोंबकळू देऊ नका. साखळी नसेल तर आवरण शाफ्टबरोबर फिरते आणि फिरणारे आवरण असून नसल्यासारखे आहे. शाफ्ट सोडल्यावर तो या साखळीवर टांगू नका, फ्रेमवरच्या आकड्यावर ठेवा.

ग्रीस निपलला हात पोचत नाही म्हणून चाकूने आवरणात मोठे भोक पाडणारे बरेच दिसतात. निपलसमोर झाकण असलेले किंवा मागे सरकणारे आवरण मिळते, घेतानाच ते बघून घ्या. क्रॉस, नायलॉन रिंग आणि सरकत्या नळ्यांना दर ८ तासांच्या कामानंतर ग्रीस हवे.

तपासा: इंजिन बंद असताना आवरण हाताने फिरवा. ते शाफ्टवर मोकळे फिरले पाहिजे. अडकत असेल तर रिंग उलटी बसली आहे किंवा खोबणीत घाण आहे.

टप्पा ७. दोन्ही टोकांची कव्हरे

ट्रॉलीचा हुक लावताना आड येते म्हणून ट्रॅक्टरचे पीटीओ कव्हर काढून शेडमध्ये टाकलेले असते. ते परत बसवा. हरवले असेल तर त्या मॉडेलचे घडीचे कव्हर मागवा, ते हुकाच्या वेळी वर करता येते. बनवून घ्यायचेच असेल तर ३ मिमी पत्रा वापरा, वरची आणि दोन्ही बाजू झाका आणि मूळ बोल्टच्या भोकांनाच कसा. ट्रॅक्टरच्या बिडाच्या हाउसिंगला वेल्ड मारू नका.

ट्रॅक्टरच्या कव्हरने आणि गिअरबॉक्सच्या टोपणाने शाफ्टच्या आवरणाचा शंकू किमान ५ सेंमी झाकला पाहिजे. मधे फट राहिली तर बाकीचे सगळे काम वाया जाते.

टप्पा ८. चाचणी

मोकळ्या सपाट जागी, आसपास कोणी नसताना चाचणी घ्या. पीटीओ ५४० वर आहे याची खात्री करा. काही ट्रॅक्टरना ७५० किंवा १००० चा पर्याय असतो. ५४० साठी बनवलेला स्लॅशर १००० वर चालवला तर पात्यांतला जोर जवळजवळ साडेतीन पट होतो.

इंजिन कमी वेगावर ठेवून पीटीओ लावा, सीटवर बसूनच हळूहळू वेग वाढवा. शाफ्टचे आवरण स्थिर दिसले पाहिजे. थरथर, खणखण किंवा जळका वास आला तर लगेच बंद करा. दहा मिनिटे चालवून बंद करा, सारे थांबल्यावर पात्यांचे आणि अँगलचे बोल्ट पुन्हा कसा. नव्या बोल्टची पहिली ढील या दहा मिनिटांतच निघते.

टप्पा ९. रानात उतरण्याआधी

ओळी पायी फिरून बघा. तारेचे तुकडे, मोडके बांबू, दगड, जुना मल्चिंग पेपर आणि सुतळी उचला. ठिबकच्या नळ्या जमिनीवर असतील तर खोडाकडे सरकवा. द्राक्षबागेत त्या तारेला टांगलेल्या असल्या तरी मधे लोंबलेल्या आहेत का ते पाहा. नळी पात्यात गेली की शाफ्टपर्यंत गुंडाळत येते आणि आवरण फोडते.

सांगोल्यासारख्या मुरमाड रानात पाते ७ ते १० सेंमी उंच ठेवा. खाली कापून गवत लवकर संपत नाही, दगड मात्र जास्त लागतात.

स्लॅशरवर वजनासाठी माणूस, पोते किंवा दगड ठेवू नका. मडगार्डवर कोणी बसू नये. दगड शंभर मीटरपर्यंतही जाऊ शकतो, म्हणून छाटणी, विरळणी किंवा तोडणीचे मजूर त्या दिवशी त्या प्लॉटमध्ये नकोत. बांधाला रस्ता असेल तर त्याच्या कडेच्या ओळी रहदारी नसताना कापा.

काही गुंतले तर टप्पा १ जसाच्या तसा करा. इंजिन चालू ठेवून काठीने गवत ओढणे हेही हात घालण्याइतकेच धोक्याचे आहे, कारण काठीबरोबर हात आत जातो. चालकाकडे फोन असू द्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन केल्यावर सांगायला गट नंबर आणि बागेकडे येणाऱ्या रस्त्याची खूण ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रंगाने लिहून ठेवा, म्हणजे फोन करणारा बाहेरगावचा असला तरी अडणार नाही.

रोज काम सुरू करण्याआधी पाच गोष्टी बघा: इंजिन बंद असताना आवरण हाताने मोकळे फिरते का, त्याच्या साखळ्या बांधलेल्या आहेत का, पडद्यातली कुठली साखळी तुटली आहे का, पात्यांचे नट घट्ट आहेत का, गिअरबॉक्सचे तेल खुणेपर्यंत आहे का. एखादी साखळी तुटलेली दिसली तर सळई काढून तुकडा बदलायला पाच-दहा मिनिटे पुरतात. त्यासाठी कापून ठेवलेले चार तुकडे आणि कॉटर पिन शिअर बोल्टच्याच पेटीत ठेवा.